तळटीप : दोष स्नायूत, मग चाचणी मज्जातंतूची का?

थॉमसेनच्या आजारात स्नायू आखडतो आणि लवकर सैल होत नाही. डॉ. ज्युलियस थॉमसेन यांनी हा आनुवंशिक विकार 1876 मध्ये स्वतःवरून व स्वतःच्या घराण्यावरून नोंदवला. दोष स्नायूपेशींच्या पटलातील क्लोराइडच्या वाटेत असतो, मज्जातंतू निरोगी असतो. मग त्याला विजेची उत्तेजना कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण मज्जातंतू येथे केवळ निरोप्या आहे. मोजला जातो तो स्नायूचा प्रतिसाद. मनगटाशी उत्तेजना देऊन करंगळीच्या बुडाच्या स्नायूचा प्रतिसाद टिपतात, मग सुमारे दहा सेकंद जोर लावायला सांगून पुन्हा टिपतात. याच विकाराच्या बेकर यांनी वर्णिलेल्या अप्रभावी वारशाच्या प्रकारात हा प्रतिसाद बहुधा एकदम घटतो आणि थोड्याच वेळात सावरतो. हालचालीच्या आरंभी रुग्णाला जाणवणाऱ्या क्षणिक अशक्तपणाचा हा दृश्य पुरावाच. लागोपाठच्या उत्तेजनांनीही घट दिसते; मात्र ती मायस्थेनिया या स्नायूंच्या अशक्तपणाच्या आजारातही दिसते, म्हणून स्नायूत सुई घालून केलेल्या तपासणीतला चढउताराचा घूंघूं आवाज ऐकल्याविना निदान करणे धोक्याचे.

जनुक-तपासणीमुळे हे सारे कालबाह्य झाले, हे मत मला पटत नाही. क्लोराइडच्या या वाटेच्या ‘सीएलसीएन1’ जनुकातील कित्येक बदल घातक की निरुपद्रवी, हे केवळ अहवाल वाचून ठरत नाही. स्नायू प्रत्यक्षात कसा वागतो, ते ही चाचणीच दाखवते.