क्रियानोंद : उपयुक्तता व खाजगीपणा (जुन्नर–आंबेगाव परिसर)

क्रियानोंद : संगणक, भ्रमणध्वनी किंवा तत्सम यंत्र वापरणाऱ्या व्यक्तीने कोणत्या वेळी, कोठून व कोणती क्रिया केली, याचे त्या यंत्राने आपोआप ठेवलेले कालानुक्रमी टिपण म्हणजे क्रियानोंद होय. यंत्र चालू वा बंद केल्याची वेळ, उघडलेल्या दस्तऐवजांची यादी, ब्राउझरने जपलेली पाहिलेल्या पानांची यादी, भ्रमणध्वनीने टिपलेली ठिकाणे ही तिची नेहमीची रूपे होत. अशा नोंदीमुळे हरवलेले काम सापडते, बिघाडाचे कारण कळते व व्यवहाराचा पुरावा राहतो. तिच्यामुळेच माणसाच्या हालचाली, ओळखीपाळखी व आवडीनिवडी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. हा पेच संगणकाने निर्माण केला, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु माणसांच्या व्यवहारांची नोंद कोणी ठेवावी, कोणासाठी ठेवावी व ती कोणी पाहावी, हा प्रश्न फार जुना आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत सु. दोन हजार वर्षांच्या नोंदी व नोंदपद्धती पाहावयास मिळत असल्याने त्याच्या अभ्यासाला हा परिसर विशेष सोयीचा आहे.

प्राचीन नोंदी : कोकणातून घाटमाथ्यावर जुन्नरकडे येणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तो सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानला जातो. केलेल्या यज्ञांची नावे आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांच्या संख्या त्यात अंकांत कोरल्या आहेत. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात त्याला यामुळे मोठे महत्त्व आहे. जुन्नरच्या लेण्यांतील लेखही बहुतांशी दानाचे असून दात्याचे नाव, त्याचा गाव वा व्यवसाय आणि दिलेली वस्तू एवढाच तपशील त्यांत असतो. त्यांत इरिल, चिट व चंद या तीन यवनांची नावे आढळतात. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेखही येथेच आहे. या सर्व नोंदी देणाऱ्याच्या इच्छेने झालेल्या असून त्या सर्वांनी वाचाव्यात याच हेतूने कोरल्या गेल्या.

नाणेघाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जात असे, अशी लोकसमजूत आहे. ती खरी धरल्यास त्या रांजणाचा एक गुण लक्षात घेण्याजोगा ठरतो. दिवसाअखेर किती रक्कम जमली हे तो सांगू शके. मात्र कोणते नाणे कोणाचे, हे सांगू शकत नसे. कामापुरती मोजणी होई आणि व्यक्तीची नोंद मागे राहत नसे.

दप्तर व रोखे : मध्ययुगीन व पेशवेकालीन गावाची नोंद कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. जमीन, पीक, सारा व बाकी यांचा तपशील त्यात लिहिला जाई आणि कुलकर्ण वतनी असल्याने दप्तर त्याच घराण्यात राही. ज्याच्याविषयी हे लेखन होई त्या शेतकऱ्याला बहुधा ते वाचता येत नसे. ब्रिटिश अंमलात सावकारी कर्जाचे रोखे व दिवाणी न्यायालये यांची त्यात भर पडली. अक्षरशून्य शेतकऱ्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले जाते, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असे. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात या व्यवहारावर कठोर टीका केली आहे.

या असंतोषाचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे झाला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत जमावांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तर त्यांच्याकडील रोखे व हिशेबवह्या यांवर होता. त्या हिसकावून जाळण्यात आल्या. त्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. नोंद नष्ट करण्याऐवजी ती उघड करण्याचा मार्ग या कायद्याने पत्करला. शेतकऱ्याचे दस्त ग्रामनोंदकासमोर व्हावेत, दिलेल्या रकमेची पावती त्याला मिळावी, तसेच हिशेबाचा वार्षिक उतारा व खातेपुस्तक मागण्याचा हक्क त्याला असावा, अशा तरतुदी त्यात होत्या. आपल्याविषयी ठेवलेली नोंद आपणास पाहता यावी, हे आज संगणकाच्या संदर्भात मांडले जाणारे तत्त्व या भागात अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातच कायद्यात आले होते.

हजेरीचे दोन अर्थ : ‘हजेरी’ या शब्दाच्या इतिहासात नोंदीची दोन्ही रूपे एकत्र दिसतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींतील लोकांची, त्यांनी गुन्हा केलेला असो वा नसो, केवळ जन्मावरून नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. १९११ च्या सुधारित कायद्याने तिचे क्षेत्र वाढून मुंबई इलाखाही तीत आला. बोटांचे ठसे घेणे, ठराविक वेळी हजेरी घेणे, मुक्काम बदलल्यास किंवा गैरहजर राहावयाचे असल्यास आधी कळविणे, अशी बंधने नोंदलेल्या व्यक्तीवर घालता येत. महाराष्ट्रातील ज्या जमाती पुढे विमुक्त म्हणून ओळखल्या गेल्या त्यांत पुणे जिल्ह्यातील डोंगरी मुलखाशी निगडित असलेल्या रामोशींचा समावेश होतो. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली. संपूर्ण देशात हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. या हजेरीची वही नोंदलेल्या माणसाच्या उपयोगाची नव्हती. ती त्याला पाहता येत नसे आणि तीतून नाव कमी करून घेणे त्याच्या हाती नव्हते.

याच शब्दाला स्वातंत्र्योत्तर काळात दुसरा अर्थ लाभला. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याखालील कामांवर मजुराचे नाव हजेरीपटावर असणे म्हणजे मजुरीचा पुरावा असणे होय. हजेरीपटावरील नाव गाळले गेल्यास मजुरी बुडे. खोटी नावे घातली गेल्यास सार्वजनिक पैसा बुडे. म्हणून हजेरीपट सर्वांना पाहता यावा ही मजुरांचीच मागणी राहिली व महाराष्ट्राच्या २००२ च्या आणि केंद्राच्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यांनी तिला बळ दिले. पहिल्या हजेरीने माणसाला बांधून ठेवले, तर दुसरीने त्याचा हक्क राखला. दोहोंत टिपले जाई ते एकच : अमुक व्यक्ती अमुक दिवशी अमुक ठिकाणी होती.

संगणकीय नोंदीचे तंत्र : हस्तलिखित नोंदीला लिहिणारा लागतो आणि त्याच्या श्रमामुळे तिला मर्यादा पडते. संगणकाला नोंद करण्यास जवळजवळ खर्च येत नाही. त्यामुळे प्रथम सर्व टिपावे व उपयोग मागाहून ठरवावा, अशी प्रवृत्ती बळावते. संकेतस्थळाने भेट देणाऱ्याला पुन्हा ओळखावे यासाठी ‘कुकी’ ही लहानशी खूण १९९४ मध्ये प्रचारात आली. तिचा मूळ उपयोग खरेदीची यादी लक्षात ठेवण्यासारखा साधा होता, परंतु पुढे जाहिरातदारांनी तिचा वापर माणसाचा अनेक स्थळांवरील माग काढण्यासाठी केला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ ही सुविधा जाहीर केली. पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचे चित्र दर काही क्षणांनी घेऊन ते पुढे शोधता यावे, अशी तिची योजना होती. ही चित्रे व त्यांतील मजकूर यंत्रात पुरेशा संरक्षणाविना साठविला जातो, हे संशोधकांनी दाखवून दिल्यावर ती लांबणीवर टाकण्यात आली. वापरणाऱ्याने स्वतः सुरू केल्याशिवाय चालू न होणारी व साठा कूटबद्ध ठेवणारी सुधारित आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये उपलब्ध झाली. स्मरणाला मदत करणारी सोय व पाळत यांतील अंतर प्रायः मूळ मांडणीतील अशा दोन-तीन निर्णयांवर अवलंबून असते.

नोंद यंत्रातच राहते की दूरच्या सेवासंगणकावर जाते, हा भेदही महत्त्वाचा आहे. तथापि जेथे एकच भ्रमणध्वनी सारे घर वापरते, किंवा अर्ज भरण्यासाठी सेवा केंद्रातील सामायिक संगणक वापरावा लागतो, तेथे यंत्रातच राहिलेली नोंदही खाजगी असतेच असे नाही. आजार, कर्ज किंवा कौटुंबिक तंटा यांविषयी एखाद्या स्त्रीने शोधलेली माहिती पुढच्याच व्यक्तीच्या नजरेस पडू शकते. ग्रामीण भागात अनेकदा परक्या कंपनीपेक्षा या जवळच्या नजरेचा धाक अधिक असतो.

परिसरातील सद्यःस्थिती : तलाठ्याने गाव नमुना बारामध्ये लिहावयाची पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावी, यासाठी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व त्यासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जावयाचे, अशी ही पद्धत आहे. नुकसानभरपाई व पीकविमा यांसाठी ही नोंद उपयोगी पडते. २०२२ च्या आवृत्तीत आपली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. ज्याची नोंद त्याच्याच हाती लेखणी, असा हा दप्तरपद्धतीतील मोठा पालट होय. मात्र डोंगराळ पश्चिम भागात संपर्कयंत्रणा क्षीण असल्यास हक्काची नोंदच राहून जाण्याचा संभव असतो.

राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपटाची जागा १ जानेवारी २०२३ पासून भ्रमणध्वनीवरील हजेरीने घेतली. मजुरांची वेळ व ठिकाण यांसह दिवसातून दोनदा छायाचित्रे घेणे सक्तीचे झाले. खोट्या नावांना आळा बसावा हा हेतू होता. परंतु असंबद्ध छायाचित्रे, किंवा छायाचित्रांचीच छायाचित्रे चढविली जात असल्याचे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ मधील परिपत्रकात स्वतःच नमूद केले. नोंद वाढली म्हणजे सचोटी वाढतेच असे नाही, याचा हा पुरावा होय.

पुणे–नाशिक महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो व जुन्नर तालुक्यात चाळकवाडी येथे पथकर नाका उभारण्यात आला. देशातील राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाल्याने प्रत्येक वाहन कोणत्या वेळी कोणत्या नाक्यावरून गेले, हे त्याच्या खात्यावर नोंदले जाते. चोरीच्या गाडीचा माग काढण्यास ते उपयुक्त आहे. नाणेघाटाच्या रांजणाशी तुलना केल्यास मात्र काय बदलले ते स्पष्ट होते : पूर्वी पैशाची मोजणी होई, आता प्रवाशाची होते.

उसाच्या क्षेत्रात वस्ती करून राहिलेल्या बिबट्यांमुळे जुन्नर वनविभागात कॅमेरे बसविले जातात. अलीकडच्या वर्षांत बिबट्या ओळखून धोक्याची सूचना देणाऱ्या संगणकीय यंत्रणाही आल्या आहेत. येथे प्रश्न जिवाचा असल्याने त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. तथापि बिबट्यासाठी लावलेला कॅमेरा पहाटे रानात जाणाऱ्या स्त्रियांनाही टिपतो. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसरात अशा कॅमेऱ्यांमुळे स्त्रियांच्या रानातील वावरावर कसा परिणाम झाला, हे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. माणसांची चित्रे त्वरित पुसून टाकण्याचा नियम केल्यास सुरक्षिततेला बाध येत नाही.

कायदा : सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले. त्यास अनुसरून २०२३ मध्ये अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अंमलात आणावयाचे ठरले. हेतू सांगून संमती घेणे, आपली माहिती पाहणे, दुरुस्त करणे व पुसून मागणे यांसंबंधीचे हक्क त्यात आहेत. शासनाला मात्र व्यापक सवलती ठेवल्या आहेत. याच अधिनियमाच्या कलम ४४ (३) ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (१) (ञ) मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती सरसकट अपवादात घातली. सार्वजनिक हितासाठी ती देण्याची मुभा कलम ८ (२) मध्ये शिल्लक असली, तरी हजेरीपटासारखी दुर्बलांच्या संरक्षणासाठी उघडी केलेली नोंद खाजगीपणाच्या नावाने पुन्हा झाकली जाण्याची भीती त्यामुळे व्यक्त होते.

समारोप : वरील इतिहासावरून असे दिसते की, नोंद थोडी की फार, कागदावरील की संगणकातील, यावर तिचे बरेवाईट ठरत नाही. ते तीन गोष्टींवर ठरते : ज्याची नोंद होते त्याला ती ठाऊक आहे काय व पाहता येते काय, सांगितलेल्या कामाखेरीज अन्य कामासाठी तिचा वापर होतो काय, आणि काम संपल्यावर ती पुसली जाते काय. दानलेख, १८७९ चे खातेपुस्तक व रोजगार हमीचा हजेरीपट पहिल्या कसोटीस उतरतात. गुन्हेगार जमातींची हजेरी तीनही कसोट्यांत नापास होते. संगणकाने यांपैकी तिसरी कसोटी सर्वांत कठीण केली आहे, कारण कागद जीर्ण होतो व रांजण रिकामा करावाच लागतो, परंतु संगणकातील नोंद कोणी हेतुतः पुसल्याखेरीज सहसा जात नाही. १८७५ मध्ये शेतकऱ्यांना वह्या जाळाव्या लागल्या, कारण त्या वाचण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा दुसरा मार्ग त्यांना उपलब्ध नव्हता. तो मार्ग खुला ठेवणे ही नोंद ठेवणाऱ्याचीच जबाबदारी होय.