बोटांकडून भिंगाकडे : पोतविरोधाच्या छायाचित्रणाची कुळकथा

मराठीत ‘पोत’ हा शब्द कापडाला आणि जमिनीला लागतो, आणि कलासमीक्षक द. ग. गोडसे यांनी तो आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात घेऊन कलाविचारासाठी वापरला. इंग्रजी ‘टेक्श्चर’ हा शब्दही विणणे या अर्थाच्या ‘टेक्सेरे’ या लॅटिन क्रियापदापासून आला असल्यामुळे, दोन्ही भाषांत पृष्ठभागाच्या या गुणाची ओळख चिमटीत धरून पारखायच्या वस्त्राशी जोडलेली दिसते. जे बोटांना कळते ते केवळ पाहणाऱ्या कॅमेऱ्याला कसे टिपता यावे, या प्रश्नाचे उत्तर घडत गेले त्याची ही कुळकथा आहे.

जर्मनीतील वायमार येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत योहानेस इटेन यांनी ‘फोरकुर्स’ म्हणजे पूर्वाभ्यासक्रम सुरू केला आणि मोठे-लहान, कठीण-मऊ, गुळगुळीत-खरखरीत अशा विरोधी जोड्यांवर त्याची उभारणी केली. विद्यार्थी निरनिराळे पदार्थ डोळे मिटून बोटांनी चाचपत, मग परस्परविरोधी पोतांचे तुकडे शेजारी लावून रचना करत आणि त्यानंतरच ते पोत रेखाटत. म्हणजे चित्राआधी स्पर्श येई. १९२३ मध्ये इटेन गेल्यावर त्या वर्गावर आलेल्या लास्लो मोहोली-नाग्य यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात पदार्थाची अंतर्गत घडण, तिच्यातून बाहेर उमटणारा पोत आणि पदार्थावर झालेल्या क्रियेची खूण म्हणजे ‘फाक्टुर’, असा भेद केला.

याच सुमारास छायाचित्रकारांची एक पिढी निसर्गातील साध्या वस्तूंकडे वळली होती. कार्ल ब्लॉसफेल्ट यांची वनस्पतींची विस्तारित चित्रे आणि आल्बर्ट रेंगर-पाट्श यांचा ‘जग सुंदर आहे’ या अर्थाच्या नावाचा चित्रसंग्रह १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला, तर अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेल्या ढोबळ्या मिरचीचे प्रसिद्ध चित्र घेतले. वेस्टन ज्या गटात होते त्याचे ‘एफ-६४’ हे नाव भिंगाच्या अतिशय लहान छिद्राचे आहे. छिद्र जितके लहान तितकी जवळच्या आणि दूरच्या भागांतील स्पष्टता अधिक, त्यामुळे पृष्ठभागाचा बारकावा सर्वत्र टिकतो.

इटेन यांनी पुढे बर्लिनमध्ये काढलेल्या शाळेत ल्युसिया मोहोली यांनी, तर देसाउ येथे हलवलेल्या बाउहाउसमध्ये वाल्टर पेटरहान्स यांनी १९२९ पासून छायाचित्रण शिकवले, आणि विरोधाचा धडा व कॅमेऱ्याची शिस्त शिक्षणक्रमात एकमेकांच्या निकट आली.

तंत्राची खरी कसोटी प्रकाशात असते. समोरून पडणारा प्रकाश सावल्या पुसून पृष्ठभाग सपाट करतो, तर बाजूने तिरपा येणारा प्रकाश प्रत्येक उंचवट्याची सावली पाडतो आणि स्पर्शाचे ज्ञान डोळ्यांच्या हवाली करतो. मात्र गुळगुळीत वस्तूला सावल्या देण्याजोगे उंचवटे नसतात; तिचा पोत कळतो तो तिच्यावरील प्रकाशाच्या चकाकीवरून किंवा उजेडाकडून अंधाराकडे होणाऱ्या सावकाश उतारावरून. म्हणून फणसाची काटेरी साल आणि त्याच फणसाची धुतलेली आठळी एका तिरप्या उजेडात शेजारी ठेवली, तर सालीवर सावल्यांची दाटी होते आणि आठळीवर एकच उजळ ठिपका उरतो, आणि इटेन यांचे विद्यार्थी मिटल्या डोळ्यांनी जो भेद शोधत होते तो छायाचित्रात उघड्या डोळ्यांना दिसतो.