ल्युकाफेरेसिस आणि प्लेटलेट

ल्युकाफेरेसिस म्हणजे रुग्णाच्या किंवा दात्याच्या रक्तातून यंत्राने मूलपेशी किंवा पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून उरलेले रक्त परत देण्याची प्रक्रिया. मायलोमा व लिम्फोमाच्या रुग्णांत जबर मात्रेच्या केमोथेरपीआधी मूलपेशी अशा काढून गोठवतात. या प्रक्रियेत रक्तातील प्लेटलेट हमखास घटतात.

त्यासाठीचे पेशी-विभाजक यंत्र १९६०च्या दशकात अमेरिकेत घडले. आयबीएमचे अभियंता जॉर्ज जडसन यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यांनी राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. एमिल फ्रायराइक यांच्यासह ते विकसित केले. यंत्रात रक्त गरगर फिरते. जड तांबड्या पेशी बाहेर सरकतात, हलका प्लाझ्मा आत राहतो आणि मधल्या पातळ थरात पांढऱ्या पेशी जमतात. प्लेटलेटही याच थराला लागून असतात. साय काढताना थोडे दूध येतेच, तशा त्या पिशवीत जातात. एका बैठकीत शरीरातील एकूण रक्ताच्या दोन-तीन पट रक्त यंत्रातून फिरते. त्यानंतर प्लेटलेटचा आकडा बरेचदा तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही उतरतो.

निरोगी दात्याला ही घट सहज सोसते. कर्करोगाच्या रुग्णाची मुळातली शिल्लकच तुटपुंजी असते. त्यातून केमोथेरपी व जी-सीएसएफ हे औषध मिळून मूलपेशी रक्तात उतरवल्या, तर त्या नेमक्या प्लेटलेट अजून सावरत असतानाच येतात. वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख मूलपेशी लागतात. त्या एका दिवसात न मिळाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक होते आणि घटीवर घट साचते. म्हणून पहिल्याच दिवशी भरपूर मूलपेशी मिळणे, हाच प्लेटलेट राखण्याचा उत्तम उपाय.

रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटने कॅल्शियम उतरून ओठांना मुंग्या येतात. प्लेटलेट मात्र त्याने नष्ट होत नाहीत. हेपरिन या दुसऱ्या गोठणरोधकाचे तसे नाही. ते वापरले असेल आणि पाच ते दहा दिवसांनी आकडा अचानक कोसळला, तर दोष यंत्राला न देता हेपरिनजन्य प्रतिक्रियेचा विचार करावा लागतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये अस्थिमज्जा रोपणे सुरू झाली, तेव्हा मूलपेशींसाठी यंत्राऐवजी मज्जा कमरेच्या हाडातून काढत. त्यात तांबड्या पेशींची हानी अधिक.

यंत्राने झालेली घट बहुधा आठवडाभरात भरून येते. धोका असतो तो या प्रक्रियेसाठी मानेत घातलेली नळी (कॅथेटर) काढताना रक्तस्रावाचा; त्याआधी प्लेटलेट पुन्हा मोजणे टाळू नये.