बाटलीतून बाहेर : ऑर्किडच्या रोपट्यांचा विसरलेला इतिहास

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने ऑर्किडच्या नादी का लागावं, आणि तेही कोल्हारात?" प्रश्न रास्त आहे. आमचं गाव प्रवरेच्या काठी. हीच प्रवरा वर रतनगडाच्या बाजूला उगम पावते, आणि तिथल्या जंगलात ऑर्किड, ज्यांना मराठीत आमरी म्हणतात, झाडांच्या खोडांवर कोणी न लावता वाढतात. खाली आमच्याकडे मात्र ऊस, धूळ आणि चैत्र-वैशाखाचं ऊन.

निवृत्तीनंतर आम्ही ऑर्किडच्या रोपट्यांची एक बाटली आणली. आत तीस रोपटी, हिरवीगार. ऐन चैत्रात ती बाहेर काढली, कुंड्यांत लावली आणि ओसरीवर ठेवली. आठवड्यात सव्वीस सुकली. घाबरून पाणी वाढवलं, तर उरलेली चार बुडातून कुजली. चूक सर्वस्वी आमची होती. पण काय चुकलं हे शोधताना या विषयाचा इतिहास वाचावा लागला, आणि आज तोच सांगायचा आहे.

ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. डार्विनने १८६२ च्या आपल्या ग्रंथात एका बोंडात सुमारे ६,२०० बिया असल्याचा हिशेब दिला आहे. एवढ्या बिया कशाला? कारण बीजात शिदोरीच नसते. ज्वारीच्या दाण्यात कोंबाला पुरेल इतकं पीठ असतं, तसं इथे काही नाही. इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी या माळ्याने केलेल्या संकराला १८५६ मध्ये पहिलं फूल आलं. त्या काळचे माळी बी मूळ झाडाच्याच कुंडीत टाकत. कधी रुजे, बहुधा रुजत नसे, आणि का, ते कळत नसे.

उत्तर मिळालं १८९९ मध्ये. नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाला जमिनीत रुजलेली इवली रोपटी सापडली, आणि प्रत्येकात बुरशी होती. बी रुजतं ते बुरशीच्या जिवावर, असा निष्कर्ष त्याने काढला. १९११ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी दाखवून दिलं की बुरशी नसली तरी चालतं. आगरच्या खळीत क्षार आणि साखर घातली की निर्जंतुक बाटलीत बी रुजतं. बुरशीची जागा साखरेने घेतली! प्रवरानगरचा साखर कारखाना शेजारी असलेल्या आम्हा लोकांना ही गोष्ट वाचून गंमत वाटली.

१९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून सिंबिडियमची रोपं केली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, पाराशरमी आणि मॅस्करेन्हास यांनी बांबूला बाटलीतच फुलं आणली. तो निबंध १९९० मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. म्हणजे बाटलीच्या आतल्या इतिहासात नावं आहेत, सनावळ्या आहेत.

आता आमचा मुद्दा. रोपटं जगावं म्हणून बाटलीत त्याची तीन कामं आपण काढून घेतली. साखर आयती दिली, म्हणून अन्न तयार करण्याचं काम हलकं झालं. आतली हवा ओलसर, म्हणून पानावर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रांना मिटण्याची सवय लागत नाही. आणि निर्जंतुक जागेत बुरशीशी गाठच पडत नाही. बाहेर काढल्याबरोबर ही तिन्ही कामं एका दिवसात अंगावर येतात. आमची सव्वीस रोपटी दुसऱ्या कामात मेली, चार तिसऱ्यात.

जाणकार माळी ही कामं एकेक करून परत देतो. रोपटी कोमट पाण्यात सोडवून मुळांची आगर पूर्ण धुतो, कारण चिकटून राहिलेल्या साखरेवर बुरशी चढते. मग सौम्य बुरशीनाशकात बुडवतो. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, थोडं शेवाळ अशा मोकळ्या भरणीत सगळी एकाच कुंडीत दाटीने लावतो, म्हणजे ती एकमेकांना ओलावा देतात. पहिले दोन-तीन आठवडे हवेत ८०-९० टक्के दमटपणा, वर दाट सावली. पण हवा खेळती हवी आणि भरणी चिंब नको, ही खरी कसरत. नंतर झाकण दिवसाला थोडं थोडं उघडायचं. नवी मुळं दिसली की अगदी पातळ खत. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं, म्हणून आम्ही पावसाचं साठवतो, आणि बाटली आता आषाढाआधी उघडत नाही.

या कामाला शेतकऱ्यांत शब्द आहे : हार्डनिंग. तो आपल्याकडे रुळला केळीमुळे. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपं शेतकऱ्यांपर्यंत नेली. तीही आधी हरितगृहात, मग शेडनेटखाली पिशवीत कणखर करूनच शेतात जातात. आम्ही पाहिलेल्या शेडनेटमध्ये हे काम बायकाच करत होत्या. एकीला विचारलं, पाणी कधी द्यायचं ते कसं कळतं? तिने ट्रे उचलून आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "वजन बघा ना, गुरुजी." चाळीस वर्षं ज्ञान म्हणजे काय हे शिकवलं, पण हा पुरावा आमच्या टिपणांत कधी नव्हता.

बर्नार आणि नुडसन यांच्याबद्दल आदर आहेच. पण बाटलीतल्या यशापासून कुंडीतल्या फुलापर्यंत तीन ते सहा वर्षं जातात, आणि तेवढा काळ रोप कुणाच्या तरी हातावर जगतं. ते हात कुठल्याच निबंधात नाहीत. इतिहास लिहिताना ही बाजू सुटली, तर वाचणाऱ्याचं रोप मरतं. आमचं मेलं.

गेल्या वर्षी आषाढात दुसरी बाटली उघडली. पंचवीसपैकी एकोणीस रोपटी आज जिवंत आहेत. फूल अजून लांब आहे, आमचं वय सत्तरीपार. तरी रोज सकाळी आम्ही कुंडी उचलून वजन बघतो. थांबतो इथे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.