ॲग्न्यू

ॲग्न्यू : रायपूरच्या इतिहासात कायम राहिलेले एक ब्रिटिश आडनाव. ते इंग्रजी मानले जात असले, तरी वस्तुतः स्कॉटिश होय. त्याचा उगम बहुधा नॉर्मंडीतील आन्यो या गावाच्या नावात असावा. फ्रेंचमधील ‘कोकरू’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य असल्याने अर्थही तोच सांगितला जातो. पण या आडनावाचे मूळ स्थलनामात शोधणेच अधिक सयुक्तिक. अल्स्टरमधील काही ॲग्न्यू मात्र ओ’नील सरदारांच्या पदरी असलेल्या एका गेलिक कविकुळाचे वंशज होत; त्यांच्या मूळ आडनावाला पुढे इंग्रजी वळण मिळाले. स्कॉटलंडमधील लॉकनॉच्या शाखेकडे 1451 पासून विगटाउनचे शेरीफपद वंशपरंपरेने होते. आपल्याकडील देशमुखीसारखेच हे वतन. 1747 च्या कायद्याने ते गेले.

बार्नबारोखच्या व्हान्स घराण्याने हे नाव जोडून घेतले. त्यांतील पॅट्रिक व्हान्स ॲग्न्यू हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करातील अधिकारी. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले 1818 मध्ये पदच्युत झाल्यावर गादीवर आलेले रघूजी तिसरे अज्ञान असल्याने नागपूरचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे आला आणि छत्तीसगढ ॲग्न्यूकडे. त्याने बिंबाजी भोसल्यांच्या काळापासूनचे रतनपूर सोडून मुख्य ठाणे रायपूरला आणले. रायपूरच्या पुढच्या भाग्योदयाचे मूळ या बदलीत आहे. छत्तीसगढच्या सुभ्यावरील त्याचा 1820 चा अहवाल मराठा अंमलाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. हिंदी ग्रंथांत हे नाव ‘एगन्यू’ असे आढळते.

1822 मध्ये नागपुरात जन्मलेला त्याचा मुलगा पॅट्रिक अलेक्झांडर एप्रिल 1848 मध्ये मुलतान येथे मारला गेला. त्यातूनच दुसरे इंग्रज-शीख युद्ध पेटले.