तळ्यापर्यंत कोण आला?

दोस्तांनो, आपल्या बाजूनं बोलणारे आता पुष्कळ झालेत. व्यासपीठावर बोलतात, पेपरात लिहितात, १४ एप्रिलला हार घेऊन वस्तीत येतात. यातला खरा कोण नि बेगडी कोण, हे ओळखायचं कसं? गोड बोलण्यावरून कळत नाही. जातीवरून तर नाहीच नाही. म्हणून मी महाडचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला. आपल्या चळवळीच्या दोस्तांची मोठी परीक्षा तिथं झाली.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला. सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कुठं? कागदावर. पुढं तीन वर्षं ठराव दप्तरात आणि पाणी तळ्यात. आपला माणूस तहानेला तो तहानेलाच.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात बहिष्कृतांची परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या जोडीदारांनी गावोगाव फिरून माणसं जमवली होती. भाषणं झाली, ठराव झाले, आभाराची वेळ आली. तेव्हा अनंतराव चित्रे उठले. जातीनं कायस्थ. ते म्हणाले, नगरपालिकेचा ठराव आहेच, तर आत्ताच तळ्यावर जाऊन पाणी पिऊ. बाबासाहेब पुढं निघाले आणि हजारो माणसं मागोमाग. आपल्या माणसांनी ते पाणी प्यालं.

नंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. तळ्यातल्या गुरांनी पाणी कधी बाटवलं नव्हतं. बाटवलं ते माणसांनी!

आणि ठराव करणारी नगरपालिका? ४ ऑगस्ट १९२७ ला तिनं आपला ठराव मागं घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. कागदावरची दोस्ती अशी असते. माणूस घरात बसून राहील तोवर ती टिकते, माणूस पाण्याकडं चालू लागला की कागद परत घेतला जातो.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. तळं खाजगी आहे म्हणून सनातन्यांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. परिषदेसाठी कुणी हिंदू जागा देईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली. त्या दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. जात चित्पावन ब्राह्मण.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्याच साली ब्राह्मणेतर चळवळीतले जेधे-जवळकर यांनी महाडच्या लढ्याला पाठिंबा देऊ केला. अट एकच. लढ्यात एकही ब्राह्मण नको, सहानुभूतीवालाही नको. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला झगडा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, असं त्यांचं म्हणणं. अट मान्य केली असती तर सहस्रबुद्धे बाहेर गेले असते. आपल्या सोबत्यांची यादी दुसऱ्यानं करायची, ही कसली मैत्री?

आता मुंबईकडं या. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. पाठोपाठ अस्पृश्यता निवारणाची संस्था निघाली. तीच पुढं हरिजन सेवक संघ. नोव्हेंबरात बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र धाडलं. आधी नागरी हक्कांसाठी लढा, विहिरी नि शाळा उघडा, गावात खळबळ झाली तरी मागं हटू नका, असा त्याचा आशय. पत्राची साधी पोचही आली नाही, असं बाबासाहेबांनी पुढं लिहून ठेवलं. संघाच्या मंडळावर अस्पृश्यांना जागा द्या म्हटलं, तर गांधीजींचं उत्तर काय? हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, ते कर्जदार, तेव्हा मंडळ त्यांचंच राहील. त्या संघात राबणारी, कष्ट उपसणारी माणसं नव्हती असं मी म्हणत नाही. पण कर्ज किती, ते कधी फेडायचं आणि कसं, हे सगळं कर्जदारच ठरवणार असेल तर सावकार झाला भिकारी.

तिसरी गोष्ट लाहोरची. तिथल्या जात-पात-तोडक मंडळानं १९३६ च्या परिषदेला अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावलं. नाव बघा, जात-पात तोडणारं मंडळ! भाषण हातात पडल्यावर त्यांची चुळबूळ सुरू झाली. वेदशास्त्रांवरचा मजकूर गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. मंडळाला जात मोडायची होती, पण जातीला जिथून बळ मिळतं तिथं हात लावायचा नव्हता.

या साऱ्यातून मला मोजमाप सापडलं ते असं. पुढं कुठं जायचं हे आपण ठरवल्यावर तो सोबत येतो का? की तोच ठरवतो आणि आपल्याला मागं चालवतो? आणि चटके बसायला लागल्यावर तो असतो का? १९३७ च्या निवडणुकीत चित्रे आणि महाडचे सुरबानाना टिपणीस बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. महाडला दहा वर्षं होत आली होती, तरी ही माणसं सोबत होती.

हे मोजमाप मी रोज वापरतो. माझा एक साहित्यिक दोस्त होता. माझ्या कवितेतली वेदना त्याला फार भावायची. वेदना हा शब्द तर त्याच्या तोंडी सारखा. मी खोली शोधत होतो तेव्हा त्याच्या बिल्डिंगमध्ये एक रिकामी होती. म्हटलं, मालकाला सांग. म्हणाला, ''माझं काही नाही रे, पण बाकीचे लोक…'' माझी वेदना त्याला पुस्तकात चालत होती, शेजारच्या खोलीत चालत नव्हती.

आणि हे माप फक्त परक्याला लावू नका. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी जाहीर खंत केली, की शिकलेल्या माणसांनीच आपल्याला दगा दिला. ती माणसं आपलीच. आपल्यातलाच कुणी कचेरीत साहेब होतो नि वस्तीची वाट विसरतो. कुणी निळा झेंडा खांद्यावर टाकतो नि निवडणुकीच्या आदल्या रात्री आपली मतं विकतो. त्याचं आडनाव आपलं म्हणून त्याला माफी कशाला?

म्हणून दोस्तांनो, वस्तीत कुणी आला तर चहा पाजा, शिव्या देऊ नका. फक्त विचारा: गावच्या नळावर आमच्या बायांना मागं ढकलतात, मसणवट्याची वाट अडवतात, त्यातलं एक काम उद्या सकाळी काढलंय, येतोस? ''येतो'' म्हणाला नि सकाळी आला, तर तो आपला. मग त्याची जात विचारू नका.