रुग्णांची उत्तरं आणि शास्त्राची शंका

"गोळ्या वेळेवर घेता ना?" असं डॉक्टरांनी विचारलं की बहुतेकांच्या तोंडून "हो" निघून जातं. प्रश्नाच्या शेवटी असलेल्या त्या 'ना'मध्येच हवं असलेलं उत्तर दडलेलं असतं. आठवड्यातून दोनदा गोळी चुकते, हे सांगायचं राहूनच जातं.

उत्तर असं एका बाजूला झुकतं, त्याला संशोधनात 'रिस्पॉन्स बायस' म्हणतात. याचा अर्थ माणूस खोटं बोलतो असा नाही. कधी लाज आड येते, कधी भीड, कधी विसर पडतो, तर कधी प्रश्नच तसा विचारलेला असतो. पण आजारांच्या कारणांबद्दलची आपली बरीच माहिती लोकांना प्रश्न विचारूनच मिळालेली आहे. मग त्या माहितीवर विश्वास कसा ठेवायचा? इतिहासातली दोन उदाहरणं पाहू.

पहिलं लंडनमधलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू झपाट्याने वाढलेले दिसले. कुणाला मोटारींच्या धुराचा संशय होता, कुणाला रस्त्यांवरच्या डांबराचा, कुणाला सिगारेटचा. १९४८ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधल्या २० रुग्णालयांत चौकशी सुरू केली. प्रशिक्षित समाजसेविका रुग्णांच्या खाटेपाशी बसून एकाच ठरावीक प्रश्नावलीतले प्रश्न विचारत. १९५० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुफ्फुसाचा कर्करोग असलेल्या ६४९ पुरुषांपैकी कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ होते. तुलनेसाठी घेतलेल्या, इतर आजारांच्या ६४९ पुरुषांत असे २७ होते. कर्करोगाच्या गटात भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाणही जास्त होतं.

पण एक शंका उरली. समोरच्या रुग्णाला कोणता आजार आहे, हे प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक असे. कर्करोगाच्या रुग्णाला तिने नकळत जास्त खोदून विचारलं असेल तर? रुग्णानेही आजाराचं कारण शोधण्याच्या भरात आकडा वाढवून सांगितला असेल तर?

ही शंका डॉल आणि हिल यांनी स्वतःच तपासली, तीही त्यांच्याच नोंदींतून. मुलाखतीच्या वेळी काही रुग्णांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे असं समजलं गेलं होतं, पण पुढे निदान वेगळं निघालं. प्रश्न विचारणारीच्या मनात तेव्हा 'हा कर्करोगाचा रुग्ण' हेच होतं. तिच्या समजुतीमुळे उत्तरं झुकली असती, तर या लोकांचं धूम्रपानही कर्करोगाच्या रुग्णांइतकं नोंदलं गेलं असतं. तसं झालेलं नव्हतं. त्यांच्या सवयी इतर आजारांच्या रुग्णांसारख्याच निघाल्या.

तरीही ते तिथे थांबले नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली आणि ४० हजारांहून अधिक जणांनी उत्तरं दिली. या वेळी सवय आधी लिहून घेतली आणि मग कोणाला काय होतं याची वाट पाहिली. आजार झालेलाच नसताना आजारामुळे उत्तर बदलणार कसं? १९५४ पासून आलेल्या निष्कर्षांनी सिगारेटवरचा आरोप पक्का केला.

दुसरं उदाहरण ऑक्सफर्डचं. डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांशी आणि निरोगी मुलांच्या आयांशी बोलून गरोदरपणाची सविस्तर माहिती घेतली. १९५६ मध्ये त्यांनी सांगितलं, की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढल्याचं दगावलेल्या मुलांच्या आयांमध्ये जवळजवळ दुप्पट आढळतं. तेव्हा बाळ कसं आहे हे पाहायला असे एक्स-रे सर्रास काढले जात. साहजिकच हे अनेक डॉक्टरांना पटलं नाही. त्यांचा आक्षेप असा: मूल गमावलेली आई प्रत्येक बारीक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहते, तर निरोगी मुलाची आई विसरून जाते. म्हणजे फरक एक्स-रेचा नसून आठवणीचा असेल.

आक्षेप तर्काला धरून होता. पण त्याची शहानिशा होईपर्यंत काही वर्षं गेली. अमेरिकेत ब्रायन मॅकमॅहन यांनी आयांना काही विचारलंच नाही. ३७ रुग्णालयांत जन्मलेल्या सात लाखांहून अधिक मुलांच्या बाबतीत त्यांनी बाळंतपणाच्या वेळच्याच नोंदी वापरल्या. त्या नोंदी लिहिताना पुढे कोणाला काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९६२ मध्ये उत्तर आलं: गर्भात असताना एक्स-रे झालेल्या मुलांत कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त होतं. आकडा दुप्पट नव्हता, पण धोका दिसत होता. आयांचं सांगणं निराधार नव्हतं.

दोन्ही ठिकाणी शंका रास्त होती. पण 'लोकांच्या बोलण्याचं काय खरं' म्हणून उत्तरं फेकून दिली असती, तर दोन मोठे धोके ओळखायला आणखी उशीर झाला असता. उत्तरावर शंका आली, तर ते पडताळायची वाट शोधायची असते.

आज दवाखान्यातही तेच करावं लागतं. "काही व्यसन?" म्हटलं की "नाही" येतं, पण "मिश्री लावता का?" असं विचारलं की "हो, ती सकाळची" असं उत्तर मिळतं. मिश्री म्हणजे तंबाखूच, पण ती लावणाऱ्याच्या लेखी व्यसन नसते. संशोधनात तर लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन तपासतात. निकोटिनपासून शरीरात तयार होणारा हा पदार्थ शेवटच्या सेवनानंतरही काही दिवस सापडतो. पण दवाखान्यात दर वेळी अशी तपासणी होत नाही. तिथे तुमचा शब्दच आधार असतो.

आणि तो शब्द झुकला तर त्रास तुम्हालाच होतो. गोळ्या चुकत असताना "रोज घेतो" म्हटलं, तर रक्तदाब का उतरत नाही हे डॉक्टरांना कळत नाही आणि ते डोस वाढवतात. पुढे त्या वाढवलेल्या गोळ्या एखाद्या आठवड्यात नेमाने घेतल्या, की रक्तदाब एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते.

म्हणून पुढच्या वेळी गोळ्यांची पाकिटं, उरलेल्या गोळ्यांसकट, सोबत न्या. गेल्या सात दिवसांत किती गोळ्या चुकल्या ते मोजून सांगा. तंबाखू, मिश्री, दारू, आयुर्वेदिक काढे, शेजाऱ्यांनी दिलेली गोळी, काहीच वगळू नका. आणि डॉक्टरांनी 'ना' लावून प्रश्न विचारला, तरी खरं असेल ते सांगा. डॉक्टर रागावले तरी चालेल, पण औषध चुकायला नको.